रंगानं ओवलेला हार

स्फटिक. छप्पर उडालं. सकाळी नाल्यापलीकडे सापडलं, वर कोंबडी बसलेली.

गोमेद. धाकट्या नणंदेच्या लग्नात वरण संपलं. पाणी वाढवलं. वऱ्हाड्यांनी ओळखलं.

फिरोजा. म्हैस व्याली. पुन्हा हेलाच, रेडी नाही.

अकीक. मारेगावच्या बाजारात चप्पल हरवली.

तामडा. सासू वारली.

वरचा क्रम रंगाचा आहे, फिक्यापासून गडदापर्यंत. रंजितानं आजीचा हार असाच ओवला, आणि सकाळपासून घरात चूल पेटली नाही.

पांढरकवड्याजवळच्या तांड्यात रुपीबाईच्या गळ्यात सतरा खडे होते. नवरा देवीलाल तीस वर्षं नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवत होता. रुपीबाईचा कायदा असा: घरात काही घडलं आणि हा नव्हता, तर येताना एक खडा आणायचा. दंड. आधीच्या खड्यापुढे नवा ओवायचा, मध्ये गाठ. रुपीबाई शाळेत गेली नाही. काय आधी घडलं आणि काय नंतर, हे ती खड्यांवर बोट फिरवून सांगे.

दोरा झिजला म्हणून हार नातीकडे आला. रंजिता दागिने घडवायला शिकली होती, आणि यवतमाळच्या प्रदर्शनात तिला पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं. हार तिथे मांडायचा, शेजारी माहितीचं कार्ड.

"उद्याच्या बसच्या आत माह्या खड्यायचा नंबर लावून दे," रुपीबाई म्हणाली. "नाई त हार घरीच राहीन. माह्या जन्माचा काला करून ठेवला पोरीनं."

"दादी, शेड किती मस्त दिसून राह्यली."

"छप्पर उडालं अन् मंग सासू मेली का? म्हातारी छपराखालीच मेली न."

रंजितानं विषय बदलायला कार्ड वाचलं. "अकीक खंभातकडचा. चार हजार वर्षांपासून लोक मणी करून घालतात. मनाला शांती देतो."

"चप्पल गेली त्या दिवशी देवाची शांती होती."

"फिरोजा. प्रवासात रक्षण करतो."

"करते न. म्हून त हा माणूस बाहेर राहून राहून जाडा झाला."

देवीलाल बाजेवर होता. रुपीबाई सकाळपासून त्याच्याशी थेट बोलत नव्हती. घरात एरवी गोरबोली, बंजाऱ्यांची भाषा; भांडण मात्र वऱ्हाडीत, म्हणजे खालच्या गावालाही समजावं.

"इचार तुह्या दादाले, छप्पर आधी का म्हैस?" आजोबाकडे न बघता तिनं नातीला सांगितलं.

"मले काय माहीत?" देवीलाल म्हणाला. "मी होतो कुठं? माल इचारा, सांगतो."

मग तसंच केलं. फिरोजा कांद्याच्या खेपेचा. स्फटिक मिरचीच्या. मिरची कांद्याच्या आधी, कारण कांद्याच्या वेळी ताडपत्री नवी होती. त्याला माल आठवे, तिला घर. चूल पेटली, चहा दोनदा झाला. दुपारपर्यंत सोळा खडे जागेवर आले आणि गाठी बसल्या.

हिरवा खडा उरला.

"हा भारतचा," रुपीबाई म्हणाली. भारत म्हणजे रंजिताचा बाप. "पोरगं झालं, अन् हा नव्हता."

"तो दंडाचा नाई," देवीलाल म्हणाला.

"मंग कायचा?"

"असाच आणलता. दुकानात दिसला. आवडला."

रुपीबाई पहिल्यांदा थेट त्याच्याकडे वळली. "चाळीसच्या वर वर्षं मी त्या खड्यावरून बोलून राह्यली, अन् तुमी आयकून राह्यले?"

"तू बोलत होती. मधात कसं बोलाव?"

रंजितानं खडा बोटात फिरवला. हारात सगळं तो नसतानाचं होतं. या खड्याला मागे-पुढे कुठेच जागा नव्हती.

"काढू का, दादी?"

"काढत कायले? आणला हाय न." रुपीबाईनं मानेमागं बोट लावलं. "अथी लाव. फासापाशी. पुढून दिसाले नको, लोकं इचारतीन."

"कार्डावर काय लिहू?"

"लिहू नको काही."

देवीलालनं तिसरा चहा मागितला. मिळाला. सकाळी हार बसमध्ये चढला, रुपीबाईच्या गळ्यात, कारण डब्यात घालून न्यायला तिनं नकार दिला.

भारत जन्मला त्या मंगळवारी ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता, आणि देवीलाल खेपेवर न जाता दुपारभर तांड्याबाहेर गाडीखाली आडवा होता.