ठरलेला पहिला सूर

ताईने पियानोच्या दोन पट्ट्या एकापाठोपाठ दाबल्या आणि धाकटीकडे न बघता विचारलं, "किती अंतर?"

धाकटीने डोळे मिटले. आठ महिने ती हेच तर करत होती. दुकानात जेवणाच्या सुट्टीत शिलाई मशीन बाजूला सारायची, लॅपटॉप उघडायची आणि कानांना हेडफोन लावायची. फुकटातला प्रोग्राम होता. तो दोन सूर वाजवायचा, त्यांच्यात किती पट्ट्यांचं अंतर आहे ते आपण सांगायचं. बरोबर आलं तर हिरवं, चुकलं तर लाल. गेल्या दोन महिन्यांत तिला लाल दिसलंच नव्हतं म्हणा ना. आत्ता मात्र ते दोन सूर कानात शिरले आणि परक्यासारखे बसून राहिले. ओळख ना पाळख.

"पाच," तिने ठोकून दिलं.

"तीन," ताई म्हणाली आणि पुढच्या दोन पट्ट्या दाबल्या.

दहापैकी दोन आले. साथीला बसलेले व्हायोलिनवाले काका, बिचारे, उगीचच खिडकीबाहेर बघत होते. ताईने वही मिटली आणि गायनवृंदात घ्यायचं पुढच्या वर्षी बघू म्हणाली.

ताई गाण्याची शिक्षिका, गायनवृंदही तिचाच. लहानपणी घरात वाटणीच झाली होती: गळा आणि कान ताईला, शिवणटिपण धाकटीला. आई आल्यागेल्याला कौतुकाने तसं सांगायची आणि धाकटी शेजारी उभी राहून ऐकायची. पुढे तिने कपडे दुरुस्तीचं दुकान टाकलं, लोकांच्या पँटी आखूड केल्या, कंबरा सैल केल्या. चारचौघांत कुणी गाणं म्हणायला लागलं की ती नुसते ओठ हलवायची. पन्नाशी आली तेव्हा तिला वाटलं, आता बस्स. वृंदात मागच्या रांगेत कुठेतरी उभं राहायचं आणि खरोखर आवाज काढायचा, एवढंच तिला हवं होतं. प्रोग्राम ताईनेच दुकानात येऊन घालून दिला होता. दर शनिवारी धाकटी फोन करून मार्क सांगायची आणि ताई वा म्हणायची.

परीक्षेहून ती घरी गेलीच नाही, तडक दुकानात आली. लॅपटॉप उघडला आणि सराव लावला. दहापैकी दहा. मग तिथे काय धाड भरली होती? तिने पुन्हा लावला. पुन्हा दहा.

आजवर तिने दुसऱ्या कुठल्याही बटणाला हात लावला नव्हता. बिघडलं तर काय घ्या, म्हणून. आज संतापाने सगळी दाबली. एका पानावर ओळ होती: 'पहिला सूर नेहमी तोच ठेवा.' तिच्यापुढे बरोबरची खूण. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मुळात ही सोय बंद असते.

तिने खूण काढली आणि सराव लावला. आता प्रत्येक प्रश्न वेगळ्याच सुरापासून सुरू व्हायला लागला. दहापैकी दोन.

म्हणजे आठ महिने तिने अंतर ओळखलंच नव्हतं, फक्त दुसरा सूर पाठ केला होता. एकाच गिऱ्हाइकाचं माप रोज घ्यावं आणि स्वतःला शिंपी म्हणवून घ्यावं, तशातली गत. तिला इतकी लाज वाटली की रिकाम्या दुकानातही तिने मान खाली घातली. मग तिने फोन उचलला.

"ती पहिल्या सुराची खूण तू केली होतीस?"

"पहिल्या दिवशी तुझं एकही बरोबर येईना. तोंड एवढंसं झालं होतं तुझं. म्हटलं, सोपं करून देऊ. तेवढाच तुझा वेळ जाईल."

"आणि दर शनिवारी वा म्हणत होतीस."

"तू खूश असायचीस गं. मला काय माहीत, तू खरंच परीक्षेला येशील."

धाकटीला पुष्कळ बोलायचं होतं. ताईनेच घाईघाईने विषय बदलला. कार्यक्रम जवळ आलाय, वृंदाचे नवे पोशाख सगळ्यांना लांब होतायत, अठरा आहेत, सोमवारी दुपारी पाठवते, म्हणाली.

"नको पाठवूस," धाकटी म्हणाली. "दुपारी मला वेळ नसतो."

तिने फोन ठेवला, हेडफोन चढवले आणि सराव पुन्हा सुरू केला. पहिलं उत्तर चुकलं. दुसरंही चुकलं.