गुरुजींचा ताईत आणि नसलेला पोपट

तैवानमधल्या ताइनान शहरातल्या एका गल्लीत, देवळापुढे, मुंगीला शिरायला जागा नव्हती. ल्याव गुरुजी भक्ताचं नाव आणि जन्मवेळ विचारत, देवाशी बोलायला म्हणून पडद्याआड जात आणि बाहेर येऊन त्याच्या मनातलं घडाघडा सांगत. कुणाचा जावई नोकरी शोधतोय, कुणाला झोप लागत नाही, सगळं अचूक. लोक तोंडात बोटं घालत.

गर्दीत वान-त्झू दातओठ खात उभी होती. ती शाळेत शिकवायची. तिच्या थोरल्या बहिणीला, यू-लानला, छातीत गाठ झाली होती. यू-लानने हे डॉक्टरांखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं, सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि गुरुजींनी भर देवळात सांगून टाकलं होतं, "डाव्या छातीत उपाशी भूत बसलंय. सुरी लावलीस तर चवताळेल!" यू-लानने ऑपरेशन रद्द केलं आणि मंतरलेल्या कागदाची राख पाण्यातून प्यायला लागली.

"अगं ताई, राखेने गाठ विरघळते का?"

"मग त्यांना कळलं कसं? तूच सांग ना, एवढी शिकलेली आहेस तर!"

तरी वान-त्झू रोज ताईच्या न्याहारीच्या दुकानात जाऊन भांडायची. तिथे गल्ल्याशेजारी कॉम्प्युटर होता आणि त्याच्या डोक्यावर हिरव्या पुडीतला मक्याचा खाऊ. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून तिकडे सगळेच ठेवतात तसा. एका मंगळवारी तिला पुडीखाली गुरुजींचा पिवळा कागद दिसला. त्यावर मंत्र होता आणि मंत्राखाली वेबसाइटचा पत्ता.

"हे काय गं?"

"ताईत. ब्राउझरमध्ये बसवायचा. आपण काय बघतो यावर पाळत ठेवणाऱ्यांना तो हाकलून लावतो. ते फसवणुकीचे फोन येत होते ना, तेव्हा गुरुजींनी गल्लीभर फुकट वाटला. नाव आणि जन्मवेळ भरली की झालं."

"आणि गाठीबद्दल तू इथेच शोधलंस?"

"मग कुठे शोधणार? घरी पोरं डोकावतात."

ताई अंड्याची धिरडी उलटत होती तेवढ्यात वान-त्झूने त्याच मशीनवर शोधलं: हिरव्या पोपटाचा पंख मोडला तर काय करावं, पोपट रडतो का, पोपटांचा डॉक्टर कुठे भेटेल. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी पोपट पाळला नव्हता.

आज ती ताईला ओढतच देवळात घेऊन आली होती. गुरुजी पडद्याआडून बाहेर आले, डोळे पांढरे करून थरथरले.

"यू-लान! तुझ्या घरी हिरवा पक्षी तळमळतोय! मोडक्या पंखाने शाप देतोय तुला!"

गर्दीने हात जोडले. यू-लान बावरली. "गुरुजी, माझ्याकडे पक्षी नाहीये."

"मागच्या जन्मीचा!"

"मागच्या जन्मीचा नाही, मंगळवारचा," वान-त्झू म्हणाली आणि तिने पडदा बाजूला सारला.

आत देव नव्हता. आत स्क्रीन होता. त्यावर यू-लानचं नाव, जन्मवेळ आणि खाली पोपटाचे सगळे शोध.

"तुमचा ताईत म्हणजे ब्राउझरचं एक्स्टेन्शन आहे," ती गर्दीकडे वळून म्हणाली. "ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम. बसवताना समोर लिहून येतं, 'सर्व संकेतस्थळांवरची तुमची सर्व माहिती वाचू देणार का?' तुम्ही सगळ्यांनी 'हो' म्हटलंत. पाळत टाळायला गेलात आणि पाळत ठेवणारा घरात आणून बसवलात."

गुरुजी मागच्या दाराने पसार झाले. एका म्हातारीने वान-त्झूलाच झापलं, "देवळात खोटं घेऊन येतेस? लाज नाही वाटत?" बाकीचे मुकाट्याने घरी निघाले. आपण काय काय शोधलं होतं, ते प्रत्येकाला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी बहिणी इस्पितळात गेल्या. गाठ काखेपर्यंत पसरली होती. "रद्द का केलंत? तेव्हाच यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. वान-त्झूला त्या गुरुजीचा गळा धरावासा वाटला.

देव कुणाच्या ब्राउझरमध्ये डोकावत नाही. डोकावतो माणूस, आणि बऱ्याचदा आपणच त्याला दार उघडून देतो. पाळत अडवणारी चांगली साधनंही आहेत, जरूर वापरा. पण रक्षणाच्या नावाने कुणी काही बसवायला सांगितलं तर ते काय मागतंय आणि कोण मागतंय, हे आधी वाचा. न पटलं तर 'नाही' म्हणा.

यू-लानचा ताईत एका क्लिकने निघाला. गाठीसाठी आता मोठं ऑपरेशन करावं लागणार आहे, आणि त्याने भागेलच असं डॉक्टर सांगत नाहीत.