सूर्यफुलांची टोपडी

मी एक जुनी साडी आहे. पण मित्रांनो, मला शोधायला कपाट उघडाल तर फसाल. माझा एक पट्टा शेताच्या बांधावर फडफडतो आहे, एक तुकडा रेवाच्या बाहुलीने पळवला आहे, आणि उरलेली मी कुठे आहे ते शेवटी सांगते. तुकडे झाले म्हणून माझी कीव करू नका. अख्खी होते तेव्हा मी एवढ्या कामाची कधीच नव्हते.

माझा जन्म सुरतेतल्या एका छपाईच्या मिलमध्ये झाला. तव्यावरून पोळ्या उतराव्यात तशा तिथे साड्या उतरतात. माझा रंग मोरपंखी आणि काठ केशरी. छापताना एका जागी केशरी रंग पसरला, आणि मला ‘सेकंड’ म्हणून बाजूला टाकलं. तिथेच कामाला असलेल्या चेतनने मला उचलून डिंडोलीला घरी आणलं. त्याच्या बायकोने, निशाने, मला उजेडात धरलं, डाग पाहिला आणि म्हणाली, “हा जातोय निऱ्यांत. कुणाला दिसणार आहे?” दुसरीने नाक मुरडलं असतं. त्या दिवसापासून मी तिची झाले.

निशा बी.कॉम. झालेली, हुशार, आणि स्वभावाने भारी जपणारी. रेवा जन्मली तेव्हा माझी झोळी बांधली. गाठ निशा स्वतः मारायची, मग ओढून बघायची, मग चेतनला ओढून बघायला सांगायची, आणि तेव्हा कुठे बाळ आत जायचं. बाळ झोपलं की दर थोड्या वेळाने आत डोकवायची. तिच्या डोकावण्यानेच बाळ जागं व्हायचं! सुरतची थंडी ती केवढी, पण रेवा चालायला लागली तरी तिच्या हनुवटीखालचा लोकरी टोपड्याचा बंद काही सुटला नाही. झोळीची गरज संपली आणि मी ट्रंकेत गेले.

चेतनचे वडील सुपडूआबा आणि आई सोनाबाई खानदेशातून इकडे आले ते शेतीच करायला. डिंडोली मागे टाकून खरवासा गावाच्या बाजूला गेलं की त्यांचं वावर. ऊस, भेंडी, पापडीचे वेल, आणि कडेने सूर्यफुलाची एक पट्टी. त्या पट्टीतला दाणा घाण्यावर जायचा आणि वर्षाचं तेल घरात यायचं. पण दाणा भरत आला की पोपटांचे थवे उतरत. गेल्या हंगामात त्यांनी जवळपास सगळी फुलं रिकामी केली. आबा घरात अहिराणीच बोलत. यंदा पेरतानाच त्यांनी बजावलं, “पोपटसाठी शेती करी राहिनू का मी? यंदा दाणा घर उना नही, ते पुढला साले तठे ऊस!”

दाणा घरी आला नाही तर पट्टीवर ऊस.  पण रेवाच्या ताटात आपल्याच शेतातलं तेल पडावं, असा निशाचा हट्ट होता. ती म्हणाली, “येईल, आबा. माझ्यावर सोडा.”

पट्टी फुलली नेमकी तेव्हाच आबा आणि सोनाबाई लग्नाला खानदेशात गेले. एका सकाळी पोपटांचा एक थवा किंचाळत वरून गेला, आणि निशाला राहवलं नाही. ट्रंक उघडली. शेजारणींकडूनही जुन्या साड्या आल्या. कात्री चालली. दुखलं का? मित्रांनो, कापडाला कात्रीची भीती नसते. ट्रंकेत विसरलं जाण्याची असते. निशाने पोपटांना बुजवायला माझा एक पट्टा बांधावर लावला, बाकीच्याची टोपडी शिवली, आणि चेतनला हाताशी घेऊन प्रत्येक फुलाला टोपडं चढवून देठाशी बंद आवळले.

दुसऱ्या दिवशी पोपट आले, आमच्यावर बसले, चोची मारल्या, आणि शिव्या देत उडाले. मी तर फुशारून गेले. पण चार-पाच दिवसांनी निशाचं हसू मावळलं. ती मधमाश्यांकडे बघत होती. माश्या माझ्यावर उतरत, कडेकडेने चालत, आत शिरायला वाट शोधत आणि निघून जात.

“चेतन, यांना आत जाता येत नाहीये.”

“बरंच की. चावायच्या नाहीत.”

“अरे, माशी फुलावर फिरली नाही तर दाणा धरेल कसा? शाळेत नव्हतं का आपल्याला? परागकण?”

“मी मागच्या बाकावर होतो,” चेतन म्हणाला.

निशाने एक बंद सोडला. माझी आतली बाजू पिवळ्या पुडीने माखली होती. जी पूड फुलाफुलांत फिरायची, ती सगळी माझ्याच अंगाला! तिचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. तिने मला मोज्यासारखं हातावर चढवलं आणि शेजारच्या फुलावरून अलगद फिरवलं, जसं ती रेवाचं तोंड पुसते तसं. मग पुढच्या फुलावरून. मग भराभर सगळ्यांचे बंद सोडायला लागली.

तेवढ्यात बांधावर आबा आणि सोनाबाई उभे! लग्नाहून परस्पर शेतावर आलेले.

“हाई काय शे व, निशा?” आबांनी कपाळावर हात मारला. “पोरीले टोपडं, आते फुललेबी टोपडं!”

सोनाबाईंना हसू आवरेना. निशा लाल झाली, पण मागे सरली नाही. “चुकलं, आबा. पण सोडतेय. दाणा भरेल.”

“आनि पोपट?”

“पाकळ्या वाळल्या की परत बांधते. तोवर माशीचं काम झालेलं असतं.”

आबांनी तिच्याकडे बघितलं, फुलांकडे बघितलं. मग त्यांनी खाली पडलेलं एक टोपडं उचलून आपल्या राकट हातावर चढवलं आणि दुसऱ्या ओळीत शिरले.

रोज सकाळी माणसांच्या हातांवर चढलेले आम्ही आणि माश्या, असं मिळून काम चाललं. पाकळ्या वाळल्या, फुलांनी माना टाकल्या, तशी आम्ही पुन्हा डोक्यावर चढलो. पोपट आले आणि उपाशी गेले. या खेपेला मीही फुशारले, आणि निशाही.

फुलं झोडपली त्या दिवशी आबांनी एक दाणा दाताखाली फोडला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“भरेल शे,” ते म्हणाले. दाणा भरला होता!

काही फुलांचा दाणा पोचट निघाला. ती फार दिवस झाकलेली राहिली होती. पण घाण्याला पोती गेली.

“आणि आबा, पुढच्या वर्षीचा ऊस?” निशाने हळूच विचारलं.

“उसले बाकीनं वावर शे ना!”

पेरायला ठेवायचं बी निशाने माझ्या डागाच्या तुकड्यात बांधून घरातल्या वाशाला टांगलं. गाठ मारली, ओढून बघितली, चेतनला ओढून बघायला सांगितली. तर मित्रांनो, मी आहे ही इथे. पुन्हा झोळी झाले आहे. खाली अंगणात रेवा उघड्या डोक्याने पळते आहे. तिचं लोकरी टोपडं खुंटीला आहे, आणि ते तिथे तिच्या आईनेच अडकवलं आहे.

तुमच्या घरात माझी एखादी बहीण ट्रंकेत पडली असेल तर तिला बाहेर काढा, तिच्यात अजून पुष्कळ कामं शिल्लक आहेत. आणि जे जपायचं ते जरूर झाका. मात्र मधूनमधून बंद सोडून बघा, त्याला आत काय हवं आहे ते.

निशा अजूनही जाता-येता माझ्यात डोकावते. बी काही जागं होत नाही. त्याची वेळ यायची आहे.