मालमत्ता क्रमांक एक

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे आणि कागदोपत्री गहाळ आहे. गहाळ वस्तूने बोलू नये, असा नियम अजून कोणी केलेला नाही. तो होण्याआधी माझी हकीकत सांगून टाकतो.

पोटात स्प्रिंग, वर कडी, खाली आकडा आणि छातीवर घड्याळासारखी गोल तबकडी, असे माझे रूप. वरवंडच्या बाजारात मला माझ्या आताच्या मालकिणीच्या, धुरपदाच्या, सासऱ्यांनी विकत घेतले. त्यांची मेंढरे होती. माझ्या आकड्याला झोळी बांधून ते कोकरे मोजत. आठ दिवसांत ज्या कोकराचे वजन वाढले नाही, ते दुसऱ्या दिवसापासून कोणाच्या तरी खांद्यावर बसून प्रवास करी आणि दुसऱ्या मेंढीचे दूध पिई. मला वाटले, जग असेच चालते. ज्याचे वजन घटते, त्याला खांद्यावर घेतात. माझ्या शिक्षणात तेवढी एक चूक राहून गेली.

पुढे मेंढरे विकली गेली. घर वडगाव रासाईत शेतीला लागले आणि मी ओसरीतल्या खुंटीला लागलो. गावाबाहेर गुऱ्हाळे होती. तिथे ऊस गाळून गूळ करायला उत्तरेकडून कुटुंबे येत. त्यांची लेकरे गावच्या कुठल्याच यादीत नसत. एकदा धुरपदाने तिथले एक तान्हे मूल सहज उचलले, ते हाताला हलके लागले. तिने ते खाली ठेवले आणि तडक घरी येऊन मला खुंटीवरून काढले.

"कोकरं मोजत हुतो," ती साखरबाईला म्हणाली, "मग लेकरं मोजाया काय झालं?"

साखरबाई तिची शेजारीण. आणखी तीन बाया जमल्या. दर सोमवारी मी गुऱ्हाळावरच्या बाभळीला लटकू लागलो. झोळी जुन्या लुगड्याची. लिहिणे कोणालाच येत नव्हते, म्हणून धुरपदाने प्रत्येक लेकराचा लोकरीचा एक दोरा केला. किलोला एक घट्ट गाठ, अर्ध्या किलोला एक सैल गाठ.

गुऱ्हाळाचा मुकादम बन्सी चेष्टेखोर होता. "काय मामी, आज किती किलो माल?" असे विचारी. पण माझा काटा मागे सरकलेला दिसला, की गप होई आणि त्या लेकराच्या आईला कामावरून दवाखान्यात जायला मोकळे सोडी. माणसांचे तो ऐकत नसे. गाठींना तर हसे. माझे मात्र ऐके. गटाला नाव नव्हते, बोर्ड नव्हता, आणि आठ-दहा लेकरे बरी होऊन आपल्या गावी गेली होती.

मग सत्यजीत आला. तो पुण्याच्या एका संस्थेचा. गावोगावचे छोटे गट हुडकायचे, त्यांना प्रशिक्षण द्यायचे, थोडे अनुदान द्यायचे आणि बळकट करायचे, हे त्याचे काम. सत्यजीत वाईट माणूस नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण या हकीकतीत वाईट माणूस शोधायला गेलात तर दमाल.

वरवंडच्या मंगल कार्यालयात तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले. नमुना म्हणून मलाही नेले होते. सगळ्यांना रंगीत कार्डे वाटली आणि आपापल्या अपेक्षा लिहायला सांगितल्या. धुरपदाने शेजारच्या मुलीकडून लिहून घेतले, 'एक नवी दोरी.' माझी दोरी विरली होती.

सत्यजीत म्हणाला, "मावशी, जरा मोठा विचार करा."

"मग लांब दोरी द्या," धुरपदा म्हणाली.

आपण इतकी वर्षे उद्दिष्टाशिवाय काम करत होतो, हे बायांना तिसऱ्या दिवशी समजले. त्या फार ओशाळल्या. अंदाजाने बोलू नये, पुराव्याने बोलावे, हेही त्या शिकल्या. गाठी हा पुरावा नव्हता.

अनुदान मिळाले. गटाची संस्था झाली. बोर्ड आला, शिक्का आला, रजिस्टरे आली आणि एक काचेचे कपाट आले. दोरी अर्जात बसत नव्हती. अध्यक्ष म्हणून आनंदराव पाटलांची सून तेजश्री हिला घेतले. शिकलेली, मनाने चांगली, वरवंडच्या प्रशिक्षणालाही आलेली. मुलांच्या शाळेसाठी ती शिरूरला राही आणि शनिवार-रविवारी गावी येई. कपाटाची चावी नियमाप्रमाणे तिच्या पर्समध्ये राही.

संस्थेकडे आधीपासूनची अशी एकच वस्तू होती. मला घासूनपुसून लख्ख केले, पाठीवर रंगाने 'मालमत्ता क्र. १' लिहिले आणि कपाटात ठेवले. अध्यक्षांच्या सहीशिवाय मालमत्ता बाहेर काढायची नाही, या ठरावावर पाचही बायांनी अंगठे उठवले. खोटे कशाला बोलू, मला ते आवडले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ऊन पडत नव्हते.

कपाटात जाण्याआधीच्या सोमवारी मी मुनियाला मोजले होते. दहा महिन्यांची पोर, वजन साडेसहा किलो. दोऱ्याला सहा गाठी आणि एक सैल.

त्यानंतर पाच आठवड्यांनी धुरपदा माझ्या काचेसमोर उभी राहून तेजश्रीशी फोनवर बोलत होती. ऐकायला कमी येई, म्हणून आवाज मोठा ठेवलेला.

"सूनबाई, चावी धाडा. गुऱ्हाळावरली मुनिया हाताला हलकी लागती."

"मावशी, वीस तारखेला तपासणी आहे. तेवढं थांबा ना. गुळाचे हात लागतील, चरे पडतील. अनुदानाचा पुढचा टप्पा त्याच्यावरच आहे."

"आन् पोरीचं?"

"दवाखान्यात न्या तिला."

"बन्सी आईला सोडत न्हाई. काटा दाव म्हंतो."

"मग त्याला अंदाजाने सांगा."

"अंदाजानं बोलायचं न्हाई म्हून तुमीच शिकून आला की वरवंडात. मीबी हुते."

"शनिवारी येते मावशी. नक्की." शनिवारी तिच्या मुलाला ताप आला. तोही खराच होता.

धुरपदा रोज यायची. काचेवर तळहात ठेवून उभी राहायची. कोपराचा एक धक्का पुरला असता. पण काच संस्थेची होती, संस्था तिची होती आणि ठरावावर अंगठा तिचा होता. आपल्याच घराची काच कोण फोडते?

वीस तारखेला तपासणी झाली. नायलॉनच्या दोरीने फ्लेक्स बांधला. पाहुण्यांना शाल-नारळ दिला, मला हार घातला. सत्यजीतने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

"इतका जुना काटा, आणि अगदी नव्यासारखा."

"जपलाय सायेब," साखरबाई अभिमानाने म्हणाली. "दीड म्हैना झाला, कपाटाभायेर काढला न्हाई."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सत्यजीतने कागदावर लिहिले, 'मालमत्तेची निगा: उत्कृष्ट.' साखरबाईचे ते वाक्य तिथे कोणाला खटकले नाही. मलाही नाही. ते मला अजून लागते.

"एकदा वजन करून दाखवता का?" सत्यजीतने विचारले.

धुरपदा उठली. तिने माझा हार काढून खुर्चीवर ठेवला. मग फ्लेक्सची एका बाजूची दोरी सोडली. फ्लेक्स अर्धा खाली आला. दोरी माझ्या कडीत ओवत ती दाराकडे निघाली.

"मावशी, इथंच करा की," तेजश्री म्हणाली.

"लेकरू तिकडं हाय."

गुऱ्हाळावर मुनियाच्या खोपटाचे दार उघडे होते. आत चूल होती, राख होती, माणसे नव्हती. बन्सी चिपाडांच्या ढिगाजवळून आला. त्याने माल विचारला नाही.

"मामी, पोरगी परवा गेली. नदीकडंला पुरली. आईबाप आज सकाळच्या गाडीनं गेलं मुलखाला."

धुरपदाने खोपटाचे दार ओढून घेतले.

"इतकं वजन उतरलं आसंल, हे मला कसं ठावं?" बन्सी म्हणाला.

"त्येच दावायचं हुतं तुला," धुरपदा म्हणाली.

तरी तिने मला बाभळीला टांगले. रिकामी झोळी आकड्याला अडकवली. मी दोनदा थरथरलो आणि शून्यावर थांबलो. माझ्यात काही बिघाड नव्हता. निगा उत्कृष्ट होती.

त्या दिवशी तिने मला संस्थेत परत नेले नाही, नंतरही नाही. रजिस्टरमध्ये माझ्यापुढे 'गहाळ' असे लिहिले आहे. पुढचा टप्पा मंजूर झाला. काचेच्या कपाटात आता बॅटरीवरचा नवा काटा आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. माझ्या गहाळ होण्याची गंभीर दखल घेऊन 'मालमत्तेचे जतन' या विषयावर दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले, जेवणासह.

मी धुरपदाच्या खुंटीवर असतो आणि सोमवारी बाभळीवर. माझ्या तबकडीवर चरे पडले आहेत. कडेला गूळ चिकटला आहे, त्याला मुंग्या येतात. पाठीवरचा क्रमांक निम्मा निघाला. आकड्याच्या मुळाशी लोकरीचा एक दोरा कायमचा बांधला आहे. सहा गाठी आणि एक सैल.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. जरूर घ्या. पण एखाद्या काचेच्या कपाटात एखादी वस्तू फारच चकचकीत दिसली, तर तिचे कौतुक करण्याआधी एवढे विचारा, की ही कोणासाठी आणली होती आणि तो आता कुठे आहे.

आणि मी कुठे दिसलो, तर कृपा करून कोणाला कळवू नका.