निरोपाची परीक्षा

नोलीनने चीज रोलचं लोणी लागलेली बोटं पुसली, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि लॅपटॉपच्या पडद्याला नाक टेकेल इतकी पुढे वाकली.

"पन्नास फेऱ्या फुकट," ती म्हणाली. "फुकट म्हणे! खाली बघ, मुंगीच्या अक्षरांत काय लिहिलंय."

"मला नाही दिसत," ग्लेनिस म्हणाली.

"दिसू नये म्हणूनच लिहिलंय. जिंकलेले पैसे चाळीसपट खेळल्याशिवाय काढता येणार नाहीत. आणि एवढं करून काढलेस, तरी शंभर डॉलरच्या वर छदाम नाही. कोपराला गूळ लावायचा आणि म्हणायचं, चाट."

"तू एक साइट सांग ना बाई. माझा चहा गार झाला."

"सांगते. घाई करशील तर बुडशील."

ग्लेनिस म्हणजे नोलीनची भावजय. भाऊ डेस जाऊन दोन हिवाळे झाले होते, पण शनिवारी दुपारी भावजयीच्या स्वयंपाकघरात बसून तिच्या हातचे चीज रोल खायचे आणि वर त्यात कांदा जास्त झाला म्हणायचं, हा नणंदेचा हक्क नोलीनने सोडला नव्हता. बाहेर दक्षिणेचा बोचरा वारा सुटला होता आणि खिडकीची काच थडथडत होती. ओमारूसारख्या समुद्रकाठच्या गावात त्याचं कुणाला काही वाटत नाही.

महिनाभर ग्लेनिस गावच्या क्लबात आली नव्हती. गुडघा धरलाय, चढ चढवत नाही, असं ती म्हणे. तिथल्या पोकीशिवाय, त्या पैसे गिळणाऱ्या जुगाराच्या मशीनशिवाय, करमत मात्र नव्हतं. मग तिनेच विचारलं, घरबसल्या खेळायला एखादी भरवशाची साइट शोधून देशील का? डेसची बोट विकून आलेल्या पैशांतले थोडे मौजेसाठी बाजूला ठेवलेत, म्हणाली. नोलीनला आनंदच झाला. हे तिचं खास काम होतं. क्लबात कुणाच्याही फोनवर फुकट फेऱ्यांची जाहिरात आली, की तो माणूस आधी तिच्या टेबलाशी यायचा. ती स्वतः एक डॉलर टाकायची नाही. तिला नाद होता तो वेगळाच. हे लोक माणसाला कसं गुंतवतात, शिवण कुठे घातलीय आणि ती कुठून उसवते, हे बघायचा.

एकदाच ती चुकली होती. छपराच्या पत्र्यांसाठी साठवलेले पैसे क्लबातल्या लायनेलने तिच्या शब्दावर एका साइटवर लावले, चक्क जिंकला, आणि मग त्यांनी कागदपत्रं मागितली. दिली तर आणखी मागितली. शेवटी तोंडाला पानं पुसली. लायनेल आता दुसऱ्या टेबलावर बसतो. त्याचं नोलीनला अजून लागतं. म्हणून भावजयीच्या बाबतीत ती डोळ्यांत तेल घालून बसली होती. डेसने ती बोट गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी बांधली होती, एकेक फळी घासून. त्या पैशांचं आपल्या शब्दामुळे वाटोळं झालं असतं, तर तिला भावाच्या थडग्यापाशी उभं राहायला तोंड उरलं नसतं.

तीन साइटी तिने निवडून आणल्या होत्या. एका घरातून एकच खातं, असा सगळीकडचा नियम. त्यामुळे खाती ग्लेनिसच्याच नावाने उघडली होती. पाउआ पॅलेस सकाळीच बाद झाली होती. तिने मिरवलेला परवान्याचा नंबर नोलीनने सरकारी पानावर शोधून पाहिला, तर तो भलत्याच कंपनीचा निघाला. राहिल्या दोन. पन्नास फेऱ्या वाटणारी गोल्डन फर्न आणि जेमतेम दहा देणारी हार्बरलाइट.

"दहा? एवढी चिक्कू?" ग्लेनिसने नाक मुरडलं.

"चिक्कू लोक निदान हिशेबाला सरळ असतात. आता शेवटची परीक्षा. ही मी लायनेलनंतर शोधली." नोलीनचा आवाज जरा चढला. ही तिची सगळ्यात आवडती गोष्ट होती. "आत घेताना सगळेच गोड असतात गं. बाहेर पडायला लागलं की कळतं. आपण साइटवरच्या मदतीच्या खिडकीत जाऊन लिहायचं, मला खेळणं आवरत नाही, माझं खातं बंद करा. आणि बघायचं काय करतात."

ग्लेनिसचा कप ओठांपाशीच थांबला. "हे माझ्या नावाने?"

"मग काय राणीच्या? परीक्षाच आहे. नापास झालेल्यांत तुला जायचंच नाही, आणि पास झालेल्यांशी मी नंतर बोलते. चुकून झालं म्हणायचं."

तिने गोल्डन फर्नला लिहिलं. ‘माननीय महोदय, मला खेळण्याची सवय अनावर झाली आहे. कृपया माझे खाते बंद करावे. आपली आभारी, ग्लेनिस.’

उत्तर यायला वेळ लागला नाही. नोलीनने ते मोठ्याने वाचलं. "‘प्रिय ग्लेनिस, तुम्ही जाताय हे ऐकून वाईट वाटलं! खास तुमच्यासाठी आणखी तीस फेऱ्या!’" तिने टेबलावर थाप मारली. "बघ! बुडतेय म्हणून सांगितलं, तर मेल्यांनी आणखी पाणी आणून दिलं!"

नोलीन खो खो हसली. ग्लेनिस हसली नाही. तीस फेऱ्यांच्या आकड्याकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दुसरीला लिही."

हार्बरलाइटच्या खिडकीत मार्को नावाचा कुणी होता. त्याने फेऱ्या दिल्या नाहीत. विचारलं, थोडे दिवस विश्रांती हवी आहे, की कायमचं बंद करायचंय?

"माणूस दिसतो खरा," नोलीन पुटपुटली आणि लिहिलं, ‘कायमचे.’

‘ठीक आहे. करतो. काही घडलंय का, सांगावंसं वाटतं का? नाही सांगितलंत तरी चालेल.’

नोलीनची बोटं अडली. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने लिहिलं, ‘मी फार खेळते.’ खोडलं. ‘मी अतिशय फार खेळते,’ असं लिहिलं.

"असं कुणी लिहितं का?" ग्लेनिस एकदम म्हणाली. "पोस्टातली तक्रार आहे का ती? सरक."

तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि लिहायला लागली. न थांबता. नोलीन खुर्ची सरकवून तिच्या खांद्यावरून वाचू लागली.

‘माझा गुडघा दुखत नाही. नणंदेला तसं सांगितलंय.’

"अगं, गुडघा कशाला घातलास?" नोलीन कौतुकाने म्हणाली. "त्याला काय कळणार? पण छान वाटतंय हं, अगदी खरं."

‘क्लबच्या काउंटरमागच्या फाइलीत माझा फोटो आहे. यांना मशीनपाशी बसू देऊ नका म्हणून. मीच नेऊन दिला. गावातल्या पबांतही मशीनं आहेत, तिथेही दिला. तेव्हा वाटलं सुटले. आता बसने टिमारूला जाते. तिथे माझा फोटो नाही.’

नोलीनच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण आतून ते निघून गेलं होतं. टेबलाखाली ग्लेनिसचा पाय फरशीवर भराभर आपटत होता, दुखतो म्हणून सांगितलेल्या गुडघ्याचाच.

‘नवऱ्याची बोट विकली. नणंदेला वाटतं पैसे बँकेत आहेत. थोडे उरलेत. ते तुमच्याकडे टाकणार होते. ती म्हणते तुम्ही सरळ आहात. सरळ असाल तर मला आत घेऊ नका.’

ग्लेनिसने कळ दाबली आणि हात मांडीवर घेतले.

नोलीन उठली. दाराजवळच्या खुंटीवरून तिने कोट काढला आणि एक हात बाहीत घातला. डेस गॅरेजमध्ये वाकून फळी घासतोय, असा तिला दिसला, कानामागे पेन्सिल खोचलेला. गुडघ्यासाठी म्हणून तिने या बाईला दर आठवड्याला भाजी आणून दिली होती!

"नोलीन," ग्लेनिस मागे न बघता म्हणाली. "उत्तर आलंय."

"वाच तूच."

"‘खातं बंद केलंय, कायमचं. उद्या तुम्ही मागितलंत, भांडलात, तरी उघडणार नाही.’" ग्लेनिसचा आवाज फाटला. "हीच ना गं तुझी सरळ साइट?"

"हीच."

"मेल्यांनी मला हाकललं की."

दोघींपैकी कुणालाच हसू आलं नाही.

"आणखी लिहिलंय," ग्लेनिस म्हणाली. "‘तुमच्याजवळ आत्ता कुणी आहे का?’" तिने विचारलं, "काय लिहू?"

दाराच्या मुठीवरचा हात नोलीनने काढला नाही. बोटीचे किती उरलेत, हे तिला विचारायचं होतं. का नाही सांगितलंस, हे विचारायचं होतं. त्याहून जास्त, एक सणसणीत शिवी हासडायची होती. पडद्यावरचा मार्को थांबला होता, आणि ग्लेनिसची पाठ कधी नव्हे इतकी वाकलेली दिसत होती.

कोटाची एक बाही तशीच लोंबती ठेवून नोलीन परत आली. खुर्ची ओढून भावजयीला चिकटून बसली, लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि एका बोटाने टाइप केलं.

‘आहे. नणंद आहे. भयंकर चिडलेली आहे. पण आहे.’

ग्लेनिसने डोळे पुसत ते वाचलं.

"भयंकर कशाला लिहिलंस? त्याला काय वाटेल?"

"राहू दे," नोलीन म्हणाली, आणि पाठवून दिलं.