न सापडलेला टॅग

"मावशी, नळी बंद करा! आधी बंद करा!"

झाडूवाल्या मावशींनी दचकून नळी वळवली. पाण्याचा लोट भिंतीवर आदळला आणि वहिनी तशीच ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली. ॲसिडच्या टाकीजवळच्या गटारात, जाळीच्या अगदी कडेला पुठ्ठ्याचा एक तुकडा अडकला होता. तिने तो चिमटीत धरून अलगद उचलला. भिजून त्याचा लगदा व्हायचाच बाकी होता. लाल अक्षरं जाऊन नुसता गुलाबी डाग उरला होता. वर स्विचबोर्डच्या दांडीला सुती दोरीचं टोक लोंबत होतं. तिने बोट लावलं तसा त्याचा भुगा झाला.

"काही हरवलं होतं का, वहिनी?"

"हो," ती म्हणाली.

कारखान्यात तिला सगळेच वहिनी म्हणत. तिचा नवरा इथे फिटर होता, सगळ्यांचा दादा. तो गेल्यावर तिला स्टोअरमध्ये नोकरी मिळाली आणि नोकरीबरोबर हे नावही चिकटलं.

तपासणीवाले येऊन गेले तेव्हा त्यांनी यंत्रांवर टांगलेले इशाऱ्याचे टॅग वाचताच येत नाहीत म्हणून कानउघाडणी केली होती. साहेबांनी तिला बोलावून घेतलं. "वाफ, तेल, ऊन, सगळ्याला पुरून उरेल असा टॅग शोधा, वहिनी. तुमच्याइतकं काळजीनं दुसरं कोण बघणार?" बोलून गेल्यावर साहेब स्वतःच ओशाळले होते.

विक्रेत्याने नमुने आणून दिले. जाड प्लास्टिकचे, ॲल्युमिनियमचे, अक्षरं कोरलेले स्टीलचे. "सगळ्यात वाईट जागी टांगा, मॅडम," तो म्हणाला होता. "शेजारी तुमचा जुना पण टांगा एखादा. मला काही बोलावंच लागणार नाही."

सगळ्यात वाईट जागा कुठली, हे तिला विचारावं लागलं नाही. इतकी वर्षं ती त्या स्विचबोर्डकडे वळून बघत नव्हती. मग एक दिवस मन घट्ट करून तिने तिथे नमुने टांगले आणि स्टोअरच्या मागच्या फळीवर धूळ खात पडलेल्या गठ्ठ्यातला एक जुना पुठ्ठ्याचा टॅग गठ्ठ्यातल्याच सुती दोरीने बांधला. प्लास्टिकवरची शाई उडाली, ॲल्युमिनियमला पांढरे फोड आले, स्टील तेवढं जागच्या जागी राहिलं. आणि पुठ्ठ्याचा टॅग आठवडाभरही तग धरू शकला नाही. ॲसिडच्या वाफेनं दोरी खाल्ली, तो पडला, आणि नळीच्या पाण्यानं वाहून चालला होता.

हा स्विचबोर्ड शेजारच्या मोठ्या मिक्सरचा. नवरा त्याची पाती दुरुस्त करायला आत उतरला होता. काम लांबत लांबत आठवड्यावर गेलं. पहिल्याच दिवशी त्याने बटण बंद करून दोघा कामगारांच्या देखत टॅग बांधला होता, 'माणूस आत आहे'. शेवटच्या दिवशी मिक्सरचा ऑपरेटर पाळीवर आला आणि त्याने बटण दाबलं.

"टॅग नव्हता," ऑपरेटर सांगत राहिला. "होता, आमच्या डोळ्यांदेखत बांधला," ते दोघे सांगत राहिले. टॅग काही सापडला नाही. मग सगळ्यांनी एकच अर्थ काढला: याने न बघता बटण दाबलं आणि नंतर टॅग काढून कुठेतरी फेकून दिला. सिद्ध काही झालं नाही. त्याची बदली मागच्या फाटकावरच्या वजनकाट्यावर झाली. वहिनीने त्याला फाटकात, चारचौघांत गाठून विचारलं होतं, "माझं घर उठवलंत, वर खोटंही बोलता?" तो मान खाली घालून उभा होता. त्यानंतर ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

साहेबांनी तो लगदा टेबलावर ठेवून बराच वेळ बघितला.

"मी वर कळवतो," ते म्हणाले. "पण जुनं प्रकरण कुणी उघडेल असं वाटत नाही, वहिनी. खोटी आशा लावत नाही तुम्हाला."

"स्टीलचे मागवा. तारही स्टीलची."

"मागवतो."

जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या फाटकाकडे गेली. काट्याच्या खोलीत एक खुर्ची, एक स्टूल आणि खिडकी. ऑपरेटर डबा धूत होता. केस सगळे पांढरे झालेले. तिला दारात बघून तो उभा राहिला, हातातलं झाकण तसंच गळत राहिलं.

"बसा, भाऊजी," ती म्हणाली.

तो बसला नाही. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दोरी, वाफ, गटार, मावशींची नळी. "त्यांनी टॅग बांधला होता, आणि तुम्हाला तो दिसला नाही, कारण तो तिथं नव्हताच. ते दोघे साक्षीदारही खरे होते, आणि तुम्हीही. मी नाही नाही ते बोलले."

आता तो स्टुलावर टेकला.

"मला तो टॅग झोपेत दिसायचा, वहिनी," तो म्हणाला. "लाल अक्षरांसकट. इतके जण म्हणतात तर असेलच, असं वाटायला लागलं होतं. काढला असेल मीच, आणि विसरलो असेन."

"घरी सांगा आज. बरं वाटेल त्यांना."

"बायको गेली. मागच्या उन्हाळ्यात." त्याने झाकण डब्यावर बसवलं, पुन्हा काढलं. "कधी विचारलं नाही हो तिनं. एकदाही नाही. विश्वास होता म्हणून विचारलं नाही, की भीती वाटायची म्हणून, कोण जाणे."

बाहेर ट्रकने भोंगा दिला. ऑपरेटर उठला, वजन बघितलं, चिठ्ठी फाडून ड्रायव्हरच्या हातात दिली आणि ट्रक गेल्यावरही खिडकीशीच थांबला.

"मुलगा दूर असतो," तो पाठमोराच म्हणाला. "शाळेत पोरं त्याला खुन्याचा मुलगा म्हणायची. तेव्हापासून बोलणं तुटलंय. आई गेली तेव्हा आला, दोन दिवसांत परत गेला. तुम्ही सांगाल त्याला? मी सांगितलं तर म्हणेल, म्हातारा स्वतःचीच बाजू घेतोय."

"लावा फोन."

त्याला आकडे दाबायला वेळ लागला. एकदा चुकले, पुन्हा दाबले. पलीकडे घंटी वाजायला लागताच त्याने फोन तिच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

घंटी वाजत राहिली. ती आता थांबणार असं वाटत असतानाच पलीकडून एक तरणा, तुटक आवाज आला, "काय झालं, बाबा? बरे आहात ना?"

"मी बाबा नाही," ती म्हणाली. "मी फिटरची बायको बोलतेय. फोन ठेवू नकोस, बाळा."

पलीकडून फोन कट झाला नाही. काचेतून तिला ऑपरेटर दिसत होता. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, तरी तो उन्हात फाटकाचा दांडा धरून, कुणाला तरी वाट द्यायची असल्यासारखा उभा होता.