कसली पट्टी?

मी एक जुनी लाकूडफोडी आहे, मित्रांनो. ट्रॅक्टरच्या पाठीला जोडायची, तेलाच्या दाबावर चालणारी. पोटात पंप, वर जाड दट्ट्या आणि त्याच्या टोकाला पोलादी पाचर. माणसं एकमेकांच्या कामात पाचर मारतात; मी आयुष्यभर फक्त लाकडातच मारली. तरी वाईट कोण? तर मी!

मला घडवलं एका म्हाताऱ्या फिटरनं. त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती, म्हणून त्यानं मला दोन दांडे दिले. दोन्ही एकदम दाबले तरच पाचर खाली येते. एक सोडला की जागच्या जागी थांबते. म्हणजे पाचर चालते तेव्हा फोडणाऱ्याचे दोन्ही हात दांड्यांवरच असतात, लाकडावर एकही नसतो. मला न्यायला वखारवाला आला तेव्हा फिटर त्याला म्हणाला, "हे दोन दांडे म्हणजे हिची अक्कल. तेवढी शाबूत ठेवा."

पहिली तीन वर्षं सोन्यासारखी गेली. जे ओंडके गडी दुपारभर कुऱ्हाडीनं बडवायचे, त्यांचं सरपण मी चहा निवायच्या आत करायचे. वखारीत मला लाडानं 'फोडणीबाई' म्हणायचे. वखारवाल्याच्या बायकोला सगळेच वहिनी म्हणत. सकाळी लेकीच्या दोन घट्ट वेण्या घालून ती वखारीत यायची, माझा भुसा झाडायची, सांध्यांना ग्रीस लावायची. तिच्या हातांना माझी चांगली ओळख होती.

मग एकदा वेड्यावाकड्या, गाठीच्या ओंडक्यांची गाडी आली. एकही सरळ उभा राहीना. वखारवाला वैतागला. त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि माझा डावा दांडा दाबून करकचून बांधून टाकला. आता तो एका हातानं उजवा दांडा दाबायचा, दुसऱ्या हातानं ओंडका अलीकडून धरायचा आणि वहिनी समोरून धरायची. काम दुप्पट झालं. "बघ, किती सोपं!" तो म्हणाला. वाकडे ओंडके संपले, पण पट्टी काही सुटली नाही.

"अहो, सोडा ना ती पट्टी. मला भीती वाटते," वहिनी म्हणाली.

"अगं, दांड्यावर तुझा नवरा आहे. कोणी परका आहे का?"

वहिनीनं पदर खोचला आणि पुढचा ओंडका धरला.

त्या दिवशी फाटकातून गिऱ्हाईकानं हाक मारली. "आलो, आलो!" म्हणत वखारवाल्यानं ओंडक्यावरचा हात उंचावला आणि मान वळवली. दुसरा हात मात्र दांडा दाबूनच राहिला. पाचर खाली आली. मला थांबायचं होतं हो! पण माझं थांबणं त्यानं स्वतःच बांधून ठेवलं होतं. वहिनीच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

दवाखान्यातून तो ढसाढसा रडत परतला. त्याचं रडणं खरं होतं, ते मी नाकारत नाही. पण मेकॅनिक तपासायला यायच्या आत त्यानं ती पट्टी सोडली आणि खिशात घातली. मेकॅनिकला म्हणाला, "पाचर आपोआप खाली आली." चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मेकॅनिकनं चारदा दांडे दाबून पाहिले, डोकं खाजवलं आणि निघून गेला.

पंधरा दिवसांनी वहिनी वखारीत आली. लेकही सोबत होती, तिचे केस कानापर्यंत कापलेले. वहिनी माझ्याजवळ उभी राहिली. डाव्या दांड्यावर रबराचा काळा वळ अजून होता.

"अहो, पट्टी कुठं गेली?"

"कसली पट्टी?" तो म्हणाला.

तिनं डाव्या हातानं लेकीला धरलं आणि ती घरात निघून गेली. त्यानंतर मला कोणी ग्रीस लावलं नाही. कोपऱ्यात दोन पावसाळे गंजत पडले. येणाजाणाऱ्याला तो सांगायचा, "खुनशी आहे ती."

शेवटी एक भट्टीवाला मला विकत घ्यायला आला. भला माणूस दिसला. वहिनीचा हात पाहून तो चरकला. "कशानं झालं हो, वहिनी?"

आता तरी बोल, बाई, माझं मन ओरडत होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो चपलेनं भुसा सारत होता.

"मशीननं," ती म्हणाली आणि आत गेली.

मित्रांनो, वखारवाल्याच्या खोट्याची मला चीड आली होती. तिच्या त्या एका शब्दानं मात्र मी आतून दुभंगले.

आता मी भट्टीवाल्याच्या अंगणात आहे. त्यानं माझा गंज खरवडला, नवं तेल भरलं. आज पहिलाच ओंडका ठेवलाय, तो जरा वाकडा आहे. भट्टीवाला कमरेवर हात ठेवून म्हणतोय, "छे! हिच्यापायी दोन्ही हात अडकतात की! अगं, एखादी दोरी आहे का घरात?"

"बघते हं," त्याची बायको आतून म्हणाली.

मित्रांनो, वस्तूला तिची अक्कल राहू द्या, एवढंच माझं मागणं आहे. ती बघा, दोरी घेऊन आलीच. मला तोंड नाही. तुम्हाला आहे ना? मग सांगा की तिला!